भावाची बोटं चालत नाहीत, पण टॅलीवर परत काम करायचंय. नेमकं काय घ्यावं?

कराडची_ताई

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी गाडीवरनं पडला आणि मानेच्या मणक्याला मार बसला, सी ५-सी ६ म्हणतात तो. ऑपरेशन झालं, मग हॉस्पिटल, मग फिजिओ, आता सहा महिने झाले घरी आहे. खांदे चालतात, कोपर वाकवतो पण सरळ करायला जोर नाही, उजवं मनगट बऱ्यापैकी वर उचलतो, डावं थोडंसंच. बोटं अजिबात हलत नाहीत. पायही नाहीत. डोकं पहिल्यासारखंच एकदम तल्लख.

अपघाताआधी तो एका टॅक्स कन्सल्टंटकडे टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, काम बघायचा, जीएसटी वगैरे सगळं. साहेब माणूस चांगला आहे, परवा घरी येऊन म्हणाले की दोन पार्ट्यांची खाती तुझ्याकडे देतो, घरात बसून कर, घाई नाही. ते ऐकून हा कितीतरी दिवसांनी नीट जेवला. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवून दिला, त्यानं मुठीनं की दाबायला सुरुवात केली, एक दाबायला जावं तर शेजारच्या दोन दाबल्या जातात, दहा मिनिटं झटला आणि मग म्हणाला ताई बंद कर. तेव्हापासून लॅपटॉप कपाटात आहे आणि तो विषय काढू देत नाही.

एका दुकानदारानं डोळ्यांनी चालणारं यंत्र दाखवलंय, ९० हजार सांगतोय, सॉफ्टवेअर वेगळं. मी माझी पाटली मोडायला तयार आहे, पण घेतलं आणि पडून राहिलं तर त्याला जास्त लागेल याची भीती वाटते. मोबाईलवर बोलून मराठी छान टाइप होतं त्याचं, पण टॅली बोलून कसं करणार? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी प्लीज सांगा.

चाकावरून

ताई, पाटली राहू द्या हातात. मी स्वतः सी ६ चा पेशंट आहे, ११ वर्षं झाली, रोज सहा तास कॉम्प्युटरवर काम करतो आणि हे पण स्वतःच टाइप करतोय.

तुमचा भाऊ मनगट वर उचलतो हे तुम्ही लिहिलंत ना, अख्ख्या पोस्टमध्ये तेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. ज्याचं मनगट आणि खांदा चालतो त्याला डोळ्यांच्या मशीनची गरज नाही, त्याला काठी पाहिजे. तळहाताभोवती बसणारा एक पट्टा असतो, आतल्या बाजूला खिसा, त्या खिशात पेन्सिल उलटी घालायची, म्हणजे खोडरबरचं टोक खाली. त्या टोकानं एकेक की दाबायची. पहिला पट्टा मला आईनं शिवून दिला होता, शिलाई मटेरियलच्या दुकानातलं वेलक्रो आणि जुन्या दप्तराचा पट्टा, तोच मी दोन वर्षं वापरला. मुठीनं शेजारच्या की दाबल्या जातात तो प्रॉब्लेम तिथंच संपतो. फक्त एक, खोडरबर मोबाईलच्या स्क्रीनवर चालत नाही, त्याला टचस्क्रीनचा स्टायलस घ्यावा लागतो.

आता टॅलीचं. ताई, तुमचा भाऊ नशिबानं बरोबर सॉफ्टवेअर शिकलाय! टॅलीला माउस लागतच नाही जवळजवळ. एफ ८ सेल्स, एफ ९ पर्चेस, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, तारीख एफ २, हे सगळं त्याला झोपेतनं उठवलं तरी येत असेल, आणि हे सगळं एका काठीनं होतं. अडतं कुठं, तर कंट्रोल ए, आल्ट सी, असं दोन की एकदम दाबायला लागतात तिथं. त्यासाठी विंडोजमध्ये स्टिकी कीज म्हणून सेटिंग आहे, फुकट, आत्ता आहे त्या लॅपटॉपमध्येच आहे. शिफ्ट पाच वेळा दाबा, विचारेल चालू करू का, हो म्हणा. मग कंट्रोल एकदा दाबून सोडून द्यायचं, ते धरून ठेवल्यासारखं राहतं, मग आरामात ए दाबायचं. मला अपघातानंतर हे कळायला सात महिने लागले, सात महिने मी प्रत्येक कंट्रोलसाठी भावाला हाक मारत होतो, आणि दर वेळी त्यानं हातातलं काम टाकून यायचं.

मराठी टाइप करणार असेल तरी हेच लागणार आहे. इनस्क्रिप्ट म्हणजे मराठीचा जो कीबोर्ड असतो त्यात क साधा पण ख ला शिफ्ट, ग साधा पण घ ला शिफ्ट, ज्ञ शिफ्ट ५, क्ष शिफ्ट ७. स्टिकी कीजशिवाय एका काठीनं "ज्ञान" लिहून दाखवावं कुणी.

आणि लॅपटॉपचा कीबोर्ड वापरू नका, साधा मोठा यूएसबी कीबोर्ड जोडा, नंबर पॅडवाला. लॅपटॉपवर एफच्या की बारीक असतात आणि बऱ्याचदा त्यांना एफएन पण धरावं लागतं.

ओटी_पुणे

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मणक्याच्या पेशंटबरोबरच काम करते. वरच्या दादांनी सांगितलंय ते शंभर टक्के खरं, त्यात भर घालते.

कराडच्या ताई, सगळ्यात आधी लॅपटॉप मांडीवर ठेवणं बंद करा, कायमचं. त्याच्या मांडीला संवेदना नाही, लॅपटॉप तापतो ते त्याला कळणार नाही. मी असे भाजलेले पेशंट बघितलेत आणि ती जखम भरायला महिने जातात.

टेबल पाहिजे आणि ते उंच पाहिजे, व्हीलचेअरचे हात टेबलाखाली गेले पाहिजेत. घरातल्या कुठल्याही टेबलाच्या चार पायांखाली विटा लावा आणि उंची जुळवा. कोपर ते मनगट हा अख्खा भाग टेबलावर टेकलेला पाहिजे, खांदे वर चढलेले नकोत. हात अधांतरी असेल तर खांदा दहा मिनिटांत दमतो, माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही, खरं तर टेबल चुकीचं असतं. त्याचं परवा जे झालं त्यातलं अर्धं हेच असणार. टेबलाच्या कडेला जुनी सतरंजी नाहीतर फोम लावा, आणि काम झालं की कोपरावर आणि हाताच्या खालच्या बाजूला लाल डाग पडलाय का रोज बघा. दर वीस-तीस मिनिटांनी पुढे वाकवून बुडावरचा दाब काढायचाच, कामाच्या नादात हे राहतं आणि मग बेडसोअर होतं, की सगळं काम बंद.

दुसरी गोष्ट, ही फार कमी लोक घरच्यांना सांगतात. मनगट वर उचललं की त्याची बोटं आपोआप थोडी मिटत असतील, बघा नीट. मनगट खाली सोडलं की उघडतात. बोटांत ताकद नसली तरी बोटांचे स्नायू थोडे आखूड राहिले तर या हालचालीवर तो कागद धरू शकतो, हलका पेन धरू शकतो. याला आम्ही टेनोडिसिस म्हणतो. घरी मालिश करताना बोटं सरळ ताणून त्याच वेळी मनगट मागे ढकलतात, मायेनंच करतात, पण त्यात ते स्नायू सैल पडतात आणि ती पकड कायमची जाते. बोटं सरळ करायची असतील तेव्हा मनगट खाली सोडलेलं पाहिजे, आणि मनगट मागे न्यायचं असेल तेव्हा बोटं मिटलेली पाहिजेत.

डोळ्यांचं यंत्र त्याच्यासाठी नाही, आत्ता तरी नक्की नाही. एकदा कुठल्याही ऑक्युपेशनल थेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा, मुंबईला हाजी अलीच्या सरकारी संस्थेत येऊ शकत असाल तर तिथं हे सगळं बघतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर काढून घ्या, केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतनं साहित्य मिळायला ते लागतं.

सोल्डरगन

डोक्यानं चालणारा माउस कुणी का सुचवला नाही? ई-व्हायाकॅम म्हणून सॉफ्टवेअर आहे, ओपन सोर्स, एक पैसा नाही, लॅपटॉपचाच कॅमेरा वापरतं. चेहरा हलवला की बाण हलतो आणि एका जागी थांबवला की क्लिक होतं. पाच मिनिटांत टाकून बघता येतं.

चाकावरून

@सोल्डरगन वापरलंय, चांगलं आहे, पण दिवसभराच्या एंट्रीला नाही. मान इतकी दुखते की संध्याकाळी उशीवर डोकं टेकवत नाही. ज्याचे हात अजिबातच नाहीत त्याला उपयोगाचं. आणि याच्या मानेचं ऑपरेशन होऊन वर्षच होतंय, सर्जनला विचारल्याशिवाय मानेचे खेळ नकोत.

बोलून करायचं म्हणाल तर, विंडोज ११ मध्ये व्हॉइस अ‍ॅक्सेस आहे, आज्ञा इंग्रजीत द्यायच्या, ईमेल आणि फायली उघडायला मी तेच वापरतो. गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप होतं तेही मस्त. पण आकड्यांचं काम आहे हे, एक शून्य इकडचं तिकडं झालं की पार्टीचा फोन येतो, म्हणून आकडे मी कायम काठीनंच टाकतो. अजून एक, सी ५-सी ६ ला छातीचे स्नायू गेलेले असतात, श्वास मुख्यतः छातीखालच्या पडद्यावर चालतो, संध्याकाळपर्यंत आवाज बारीक होतो. सकाळचा आवाज आणि सहा वाजताचा आवाज यात फरक पडतो, मशीनला तो कळत नाही.

सोल्डरगन

मान्य, मानेचा विचार केला नव्हता.

मग माउसचं सांगतो, कारण टॅलीला नाही तरी जीएसटीच्या पोर्टलला माउस लागणारच. ट्रॅकबॉल घ्या, म्हणजे माउस जागेवरच राहतो आणि वरचा गोळा तळहाताच्या कडेनं फिरवायचा. मोठ्या गोळ्याचा घ्या, अंगठ्यानं फिरवायचा छोटा गोळा असतो तो याला चालणार नाही. बाण बरोबर जागेवर नेला तरी खरा त्रास होतो तो क्लिक करताना, हात उचलून बटणावर न्यावा तर गोळा हलतो आणि बाण सरकतो.

त्यावर उपाय असा. एक जुना वायरवाला माउस उघडा, डाव्या बटणाखाली छोटं काळं मायक्रोस्विच असतं, तीन पाय असतात. मल्टीमीटर लावून बघा, दाबल्यावर कुठले दोन पाय जोडले जातात, त्या दोन पायांना दोन वायरी सोल्डर करा आणि वायरी बाहेर काढून साडेतीन मिलिमीटरच्या मोनो सॉकेटला जोडा. त्या सॉकेटमध्ये आता कुठलंही मोठं बटण लागतं. गेमच्या मशीनवर असतात ती वाटीएवढी बटणं पुण्यात तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला मिळतात. ते बटण डाव्या कोपराजवळ ठेवायचं. विंडोजला दोन माउस एकदम जोडले तरी दोन्ही चालतात, उजव्या हातानं ट्रॅकबॉल फिरवायचा आणि डाव्या कोपरानं क्लिक. सगळं मिळून एक तासाचं काम आहे, वायरिंग कळणारा गावातला कुठलाही टीव्ही रिपेअरवाला करून देईल.

थोडं पुढं जायचं असेल तर अर्डुइनो प्रो मायक्रो नावाचा छोटा बोर्ड मिळतो, तो कॉम्प्युटरला स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून देतो. त्याला एक बटण लावून प्रोग्रॅम असा टाकायचा की बटण दाबलं की कंट्रोल ए गेलं पाहिजे. व्हाउचर भरून झालं की कोपरानं एकच धक्का, एंट्री सेव्ह. अर्डुइनोचाच युनो आर ३ बोर्ड घेऊ नका, त्यात हे सरळ होत नाही. बोर्ड तुम्ही घ्या, प्रोग्रॅम मी लिहून देतो, पैसे नकोत.

आर्याची_आई

माझी मुलगी सेरेब्रल पाल्सीची आहे, तिचं उलटं, ताकद आहे पण हात थांबत नाही. तिला आम्ही कीबोर्डवर अ‍ॅक्रिलिकची शीट बसवलीय, प्रत्येक कीवर एक भोक, हात शीटवर टेकवून बोट भोकात घालायचं. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या लेझर कटिंगवाल्याकडनं कापून आणली. सोबत विंडोजची फिल्टर कीज चालू ठेवली की चुकून दोनदा दाबलेलं एकदाच धरतं. तुमच्या भावाला काठी नीट धरता येईपर्यंत ही शीट उपयोगी पडेल असं वाटतं. आमचं कीबोर्डचं माप हवं असेल तर सांगा.

उंबरठा

मी सहसा लिहित नाही पण डोळ्यांच्या यंत्राविषयी वाचून राहवलं नाही. ते फुकट जाणारं यंत्र आहे असा कुणाचा समज होऊ नये.

माझ्या बाबांना मोटर न्यूरॉन डिसीज होता. आधी हात गेले, मग बोलणं गेलं, शेवटी फक्त डोळे राहिले. त्या आजारात डोळ्यांची हालचाल बहुतेकांची खूप उशिरापर्यंत टिकते, आणि तेव्हा दुसरं काही चालत नाही. ते यंत्र म्हणजे स्क्रीनखाली बसणारी एक पट्टी असते, त्यातून डोळ्यांवर इन्फ्रारेड प्रकाश पडतो, बुबुळावरची चमक आणि बाहुली कुठं आहे त्यावरनं तुम्ही स्क्रीनवर कुठं बघताय ते काढतं. आम्ही गेमिंगसाठी मिळतो तो साधा ट्रॅकर आणि ऑप्टिकी हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं, हॉस्पिटलवाल्या मॉडेलच्या मानानं खूप स्वस्तात झालं. पण अडचणी सांगते. खिडकीतनं ऊन आलं की चालत नाही, आम्ही दुपारी पडदा ओढून बसायचो. चष्म्याच्या काचेची चमक मध्ये येते. पेशंट जरा खाली घसरला की परत पहिल्यापासनं सेटिंग. आणि डोळे बघायला पण लागतात आणि दाबायला पण तेच लागतात, त्यामुळं नुसतं वाचत असताना पण बटणं दाबली जातात, याची सवय व्हायला बाबांना महिना लागला.

यंत्र यायच्या आधीचे तीन आठवडे आम्ही काय केलं ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. आपल्या व्यंजनांचा तक्ता आहेच ना, क च ट त प, पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच अक्षरं. मी ओळीचं पहिलं अक्षर म्हणायची, क, च, ट, त, प. बाबांनी पापणी मिटली की ती ओळ. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक. उरलेली य र ल व सहावी ओळ, काना-मात्रा सातवी. पहिल्या दिवशी त्यांनी प धरलं, मग अनुस्वार, मग क च्या ओळीतला ख. मी "पंख"वर थांबून त्यांच्याकडं बघत राहिले, काही कळेना, त्यांनी परत पापणी मिटली, काना पाहिजे होता. पंखा. आमच्या डोक्यावरचा पंखा गेले चार दिवस थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होता आणि डोळे कोरडे पडत होते, आणि आम्ही उकडतंय म्हणून तो अजून वाढवत होतो.

कराडच्या ताई, तुमच्या भावाकडं मनगट आहे, खांदा आहे, आवाज आहे. तुम्हाला ते ९० हजारांचं यंत्र नको. पण ज्याच्याकडं फक्त डोळे उरलेत त्याच्यासाठी त्याची किंमत वेगळी असते.

कराडची_ताई

सगळ्यांचं वाचताना रडू आलं. उंबरठाताई, काय लिहू तुम्हाला. आज संध्याकाळीच टेबल बघते. एक शंका, तो तयार होईल का? विषय काढला की तोंड फिरवतो.

चाकावरून

टॅलीचं नाव काढू नका. फक्त पट्टा शिवा आणि कीबोर्ड टेबलावर ठेवा. आधी त्याला जे आवडतं ते करू दे, क्रिकेटचा स्कोअर शोधू दे, मित्राला मेसेज करू दे. मी पहिलं काय टाइप केलं माहितीये, माझं स्वतःचं नाव, चार मिनिटं लागली. आणि तो करत असताना तुम्ही शेजारी उभ्या राहू नका. चुकीची की दाबली तर तुम्ही हात पुढं करू नका, त्याला बॅकस्पेस दाबू दे. हे तुम्हाला जास्त जड जाणार आहे, पण ऐका माझं.

कराडची_ताई

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

स्वयंपाकघरातलं टेबल घेतलं, पायांखाली दोन-दोन विटा. पट्टा आईनं शिवला, पहिला घट्ट झाला, हातावर वळ उठला, दुसरा बरोबर बसला. ओटी मॅडम, बोटांचं तुम्ही सांगितलं ते आम्ही अगदी तसंच चुकीचं करत होतो, रोज सकाळी, आई तेल लावून बोटं ताणायची. थांबवलं. आता तो मनगट उचलून टॉवेलचं टोक धरतो.

पहिले चार दिवस मी नुसती दारामागं उभी असायची. पाचव्या दिवशी त्यानं मला मेसेज केला, मी आत भाकऱ्या थापत होते, मोबाईल वाजला, "ताई पाणी दे". हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं, पण त्यानं टाइप केलं. मी पीठाच्या हातानंच पाणी नेलं.

टॅली त्यानं स्वतःच उघडलं, मी काही बोलले नव्हते. परवा एका दिवसात ३८ व्हाउचर टाकली. आधी तासाभरात करायचा तेवढं काम आहे ते, त्याला माहीत आहे, पण त्यानं साहेबांना स्वतः फोन करून सांगितलं की एका पार्टीचा मार्चपर्यंतचा सगळा डेटा पाठवा. सोल्डरगन दादा, कंट्रोल ए चं बटण झकास चालतंय, त्याच्या आवाजावरनं आम्हाला आत कळतं की एक झालं. मान हलवावी लागत नाही, ट्रॅकबॉल अजून नीट जमत नाही, गोळा फार हलका फिरतो म्हणतो.

एक छोटा प्रश्न. पेन्सिलीचं खोडरबर आठवड्यात झिजतंय आणि मग टोक की वरनं घसरतं. दर आठवड्याला नवीन पेन्सिल तरी किती आणणार, दुसरं काय लावता येईल?

चाकावरून

३८! मला पहिल्या महिन्यात दिवसाला १५ च्या वर जायला जमलं नव्हतं, सांगा त्याला.

सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब मागा, ती बारीक रबरी नळी, पाच-दहा रुपयांत हातभर मिळते. जुन्या बॉलपेनच्या रिफिलवर बोटभर चढवा आणि टोकाला अर्धा सेंटिमीटर पुढं राहू द्या, आत कापसाचा बोळा. रिफिल बारीक वाटली तर तिच्यावर पट्टी गुंडाळून जाड करा म्हणजे खिशात घट्ट बसेल. माझं एक टोक दीड-दोन महिने जातं. ट्रॅकबॉलचा वेग विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये कमी होतो, निम्म्याच्या खाली आणा आणि परत करून बघा.